खेळायचा कॉम्प्युटर आणि बँकेचा अर्ज

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी मुदत ठेवी, नॉमिनेशन किंवा मृत्युपत्र यांवर बोलेन. पंचाहत्तरीला टेकलेला निवृत्त बँक अधिकारी आणखी कशावर बोलणार? पण गेल्या काही महिन्यांत आपल्या दोन्ही विंगांमधल्या पाच-सहा आई-वडिलांनी मला लिफ्टमध्ये, जिन्यात गाठून एकच प्रश्न विचारलाय. "काका, नातवाला गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन दिलात म्हणे. केवढ्याला पडला? आमचा रोज डोकं खातोय." म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकू.

मी कॉम्प्युटरचा तज्ज्ञ नाही, साधा बी.कॉम. ऐंशीच्या दशकात बँकांमध्ये लेजर पोस्टिंगची मशिनं आली आणि युनियनच्या सभांत घोषणा झाल्या, त्या काळातला मी माणूस. पण नोकरीतली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. अर्ज समोर आला की आम्ही पाच गोष्टी बघायचो. हेतू काय, रक्कम किती, माल कसा आहे, परतफेड कशी होणार आणि देखरेख कोण करणार. नातू आठवीत आहे. त्याने ९२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप मोबाईलवर दाखवला तेव्हा मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "अर्ज कर." पठ्ठ्याने दोन दिवसांत वहीच्या कागदावर अर्ज आणून दिला.

पहिली गोष्ट हेतू. "गेम खेळायला" हा हेतू झाला नाही. कोणते गेम, ते लिहायला सांगा. त्याने चार नावं लिहिली होती : माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, एक फुटबॉलचा आणि जीटीए ५. प्रत्येक गेमची कंपनी तो चालायला किमान काय लागतं आणि नीट चालायला काय लागतं, हे दोन्ही जाहीर करते. आपण दुसरी यादी बघायची. माइनक्राफ्ट आणि व्हॅलोरंट फार ताकद मागत नाहीत. व्हॅलोरंट तर फुकट आहे. जीटीए ५ युरोपातल्या वर्गीकरणानुसार १८ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, तेव्हा ते नाव मी लाल पेनाने खोडलं. थोडी कुरकुर झाली. पण बघा, एक नाव गेलं आणि मशिनची गरजही कमी झाली. मुलाला नक्की काय खेळायचंय हे न विचारता दुकानात गेलात, तर दुकानदार सगळ्यात महागडा गेम चालेल असं मशिन दाखवणारच. त्याचा तो धंदा आहे.

दुसरी गोष्ट रक्कम. इथे आधी लॅपटॉप की डेस्कटॉप हे ठरवावं लागतं. गेमसाठी तेवढीच ताकद लॅपटॉपमध्ये घ्यायला गेलं तर पैसे जास्त पडतात. लॅपटॉप तापतो, आणि त्यातली ग्राफिक्सची चिप बोर्डावर पक्की बसवलेली असते, पुढे बदलता येत नाही. डेस्कटॉपचा एकेक भाग सुटा असतो. आज कमी पैशांत सुरुवात करून दोन वर्षांनी भर घालता येते. आणखी एक फायदा आहे, त्याच्याकडे मी शेवटी येतो. डेस्कटॉप उचलून पांघरुणात नेता येत नाही.

आता माल. मुलं जे शब्द फेकतात त्यांनी घाबरून जाऊ नका. आपल्या बँकेच्या शाखेसारखं समजा. प्रोसेसर म्हणजे मॅनेजर. एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम, जिथे सगळं कायमचं ठेवलेलं असतं. रॅम म्हणजे काउंटरवरचं टेबल. आज लागणारे कागद तेवढे त्यावर येतात, टेबल लहान असलं की सारखं उठून रेकॉर्ड रूममध्ये जावं लागतं. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळी छोट्या-छोट्या बेरजा करणारी कारकुनांची फौज. तिची गरज का लागते? फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० होतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवायचे. म्हणून गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये बऱ्याचदा सगळ्यात महाग वस्तू ग्राफिक्स कार्ड असते.

आमच्या अर्जदाराच्या तीन गेमना त्या फौजेची लगेच गरज नव्हती. काही प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं. आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. तो २०२१ सालचा, म्हणजे नवा नव्हे, पण आमचं काम होतं. १६ जीबी रॅम घेतली ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. हे लक्षात ठेवा. वेगळं कार्ड नसतं तेव्हा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं. दोन पट्ट्या असल्या की ये-जा दोन रस्त्यांनी होते आणि गेमच्या वेगात स्पष्ट फरक पडतो. ५१२ जीबीची एसएसडी, २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माउस. ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी ठेवली. दहावी झाली की बघू.

एका वस्तूत मात्र काटकसर करू नका. ती म्हणजे एसएमपीएस, विजेचा पुरवठा करणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो नको म्हणा. ८० प्लसचं चिन्ह असलेला, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घ्या. पुढे कार्ड बसवायचं तर तोच पुरेल. आणि यूपीएस. आपल्याकडे पावसाळ्यात दिवे कसे लुकलुकतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

खरेदीला आम्ही दोघं ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ते विचारलंत तर दुकान सापडणार नाही. चार दुकानांतून लेखी कोटेशन घेतलं. एकाच मालाच्या यादीत साडेतीन हजारांचा फरक निघाला. शेवटी यूपीएससकट ४६ हजार झाले. विंडोजचा परवाना वेगळा, तो धरून ५५ हजारांच्या घरात गेलो. "विंडोज असंच टाकून देतो" असं म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करा. पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या, कारण असेंबल केलेल्या मशिनला प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. एक सावधगिरी सांगतो. आमची खरेदी गणपतीच्या आधीची. त्यानंतर रॅमचे भाव भडकले आहेत, तेव्हा माझ्या आकड्यावर जाऊ नका, ताजं कोटेशन घ्या.

आपल्या संस्थेत सगळ्यांची ऐपत सारखी नाही, आणि पंचवीस वर्षांच्या शेजारात ते लपवायचं कारण नाही. एका ताईंनी मला विचारलं, "काका, पंचवीसच्या वर जमणार नाही. मग काय सांगू त्याला?" त्यांच्यासाठीही रस्ता आहे. मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसातले कॉम्प्युटर तीन-चार वर्षांनी काढून टाकतात, ते दुरुस्त करून बाजारात येतात. असा घेताना एक बघा. विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याच्या आधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पडदा म्हणून घरचा टीव्ही एचडीएमआयच्या वायरीने जोडता येतो. माइनक्राफ्टसारखा गेम तेवढ्यावरही खेळता येतो. पुढे कार्ड घालायचं झालं तर ७५ वॉटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं बघा, आणि डबा अरुंद असेल तर कमी उंचीचं. मोजमाप घेतल्याशिवाय कार्ड आणू नका.

चौथी गोष्ट परतफेड. इथे मी माझ्या मैदानात आहे, तेव्हा दोन मिनिटं जास्त घेतो. "नो कॉस्ट ईएमआय" ही पाटी सगळीकडे दिसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज असतंच, ते कुठे तरी किमतीत मुरवलेलं असतं. रोखीने घेतलं तर मिळाली असती ती सवलत गेलेली असते. वर प्रोसेसिंग फी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला द्याल?" दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज.

आणि ही वस्तू झिजते किती वेगाने? आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. ९० हजारांची वस्तू पहिल्या वर्षाअखेर ५४ हजारांवर, दुसऱ्या वर्षाअखेर ३२,४०० वर. घराचा हप्ता भरतो तेव्हा मागे घर उभं राहतं. इथे हप्ते संपेपर्यंत पोराला पुढचं मॉडेल हवं असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात लॅपटॉपचे हप्ते चालू असताना वडिलांची नोकरी गेली. हप्ता थकला, घरी फोन यायला लागले. मुलगा तो लॅपटॉप उघडेनासा झाला. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, पण मुलांना सगळं कळतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलाचं खेळणं कर्जावर घेऊ नये. वर्षभर आवर्ती ठेव करा, त्यात त्याच्या वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे घाला. आमच्या अर्जदाराचे स्वतःचे ७,२०० होते. तो सगळ्यांना सांगतो की मॉनिटर माझ्या पैशांचा आहे.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट, देखरेख. माझ्या सूनबाईंनी मला सरळ सांगितलं, "बाबा, पैसे तुम्ही द्याल. पण तो रात्री दोनपर्यंत बसला तर उठवायला मलाच जावं लागेल. मार्क कमी झाले तर शाळेत मलाच बोलावतील." हे बोलणं खरं होतं. पैसे देणारा एक आणि निस्तरणारा दुसरा, अशी कर्जं बुडतात. म्हणून मंजुरीच्या अटी सूनबाईंनी लिहिल्या, आणि आम्ही तिघांनी सह्या केल्या. कॉम्प्युटर हॉलमध्ये, पडदा सगळ्यांना दिसेल असा. शाळेच्या दिवशी दीड तास, जेवणाआधी. रविवारी तीन तास. विंडोजमध्ये मुलाचं वेगळं खातं काढून वेळ बांधून देण्याची सोय आहे, ती सूनबाईंच्या हातात. मॅच अर्ध्यावर असेल तर संपेपर्यंत थांबायचं, ही अट नातवाने घालून घेतली, आणि ती रास्त होती. घरातलं कुठलंही कार्ड किंवा यूपीआय गेमला जोडायचं नाही. फुकटचे गेम बंदुकीचे रंग आणि कपडे विकून पैसे कमावतात. मुलगा ओटीपी मागायला आला तर आधी कशाचा ते वाचा. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे, हेही मुलांना सांगून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतलाय. पण रोज खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी, असं त्यात म्हटलेलं नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशा खुणा आहेत. त्या दिसल्या तर ओरडण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा.

एक शेवटचं बोलतो, राग मानू नका. मी नातवाला विचारलं, "खाली का नाही जात खेळायला?" तो म्हणाला, "आजोबा, खाली कुठे?" २००१ साली आपण राहायला आलो तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं असायची. आज तिथे गाड्या आहेत, माझीही आहे, आणि भिंतीवर "क्रिकेट खेळण्यास मनाई" अशी पाटी आहे. ठराव सर्वसाधारण सभेत रीतसर झाला, गाड्या लावायला दुसरी जागा नव्हती. पण पोरांचे मित्र आता हेडफोनमध्ये भेटतात, कारण खाली भेटायला जागा उरली नाही. नातू ज्यांच्याबरोबर खेळतो त्यातले दोघं आपल्याच बी विंगमधले आहेत. म्हणून माझी सूचना अशी की रोज साडेपाच ते सात मागच्या सहा गाड्या रस्त्याच्या बाजूला लावाव्यात. पहिली गाडी मी हलवीन. येत्या सभेपुढे हा विषय ठेवावा अशी सचिवांना विनंती. कॉम्प्युटर घ्या, विचार करून घ्या, पण तो पोरांचं एकमेव मैदान होऊ देऊ नका.

कुणाला कोटेशन तपासून हवं असेल तर संध्याकाळी सातनंतर घरी या. चहा मिळेल, प्रोसेसिंग फी नाही. मात्र अर्जदाराला बरोबर आणा, आणि त्याच्या हातात त्याचा अर्ज असू द्या.