प्रत्यक्षाची परंपरा

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



मकरसंक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटला जातो आणि 'आजपासून उत्तरायण सुरू झाले' असे वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात. त्यावर एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "पण आमच्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या, उत्तरायण डिसेंबरातच सुरू होते. मग खरे काय?" या प्रश्नाला सामान्यतः दोनपैकी एक उत्तर मिळते. 'मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नयेत' हे पहिले, आणि 'जुन्या लोकांना काय कळत होते!' हे दुसरे. पहिल्या उत्तराने मुलाची जिज्ञासा कोमेजते, दुसऱ्याने पूर्वजांवर अन्याय होतो. खरे उत्तर आकाशात आहे. ते समजून घ्यायचे तर सूर्य, ग्रह आणि तारे यांच्याशी थोडा परिचय हवा.

आरंभ सूर्यापासून करू. सूर्य हा एक तारा आहे. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट. संपूर्ण सूर्यमालेतील ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात सामावलेले आहे. त्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस असते. तेथे हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. गेली सुमारे ४६० कोटी वर्षे हा यज्ञ अखंड चालू आहे.

या सूर्याभोवती बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असे आठ ग्रह फिरतात. प्लूटोला २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने बटुग्रहांच्या वर्गात घातले. मग आपले नवग्रह कोणते? आपल्या परंपरेत स्थिर भासणाऱ्या नक्षत्रांमधून जे सरकते, ते ग्रह मानले गेले. म्हणून त्यात सूर्य आणि चंद्र आले, डोळ्यांना दिसणारे पाच ग्रह आले आणि राहू-केतूही आले. राहू-केतू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो ते दोन बिंदू. या बिंदूंजवळ अमावास्या वा पौर्णिमा झाली, तरच ग्रहण घडते. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, तद्वत पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तारे पश्चिमेकडे जाताना भासतात, हा दृष्टान्तही त्याचाच.

आता अंतरांचा विचार करू. सूर्य सोललेल्या मोठ्या नारळाएवढा, म्हणजे १४ सेंटिमीटर व्यासाचा कल्पिला, तर पृथ्वी त्याच्यापासून १५ मीटरवर ठेवलेला मोहरीचा बारीक दाणा ठरेल. संक्रांतीच्या सुगडातील लहानसे बोर म्हणजे गुरू. तो ७८ मीटरवर असेल. नेपच्यून सुमारे साडेचारशे मीटरवर. येथवर सारे एका मोठ्या मैदानात मावते. पण सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी कोठे ठेवायचा? नारळ मुंबईत असेल, तर तो तारा ठेवण्यासाठी सिंगापूरपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर जावे लागेल!

म्हणूनच ताऱ्यांची अंतरे प्रकाशाच्या प्रवासाने मोजतात. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. प्रॉक्सिमाहून तो सव्वाचार वर्षांनी येतो. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांचा, स्वातीचा सुमारे ३७ वर्षांचा आणि चित्रेचा सुमारे अडीचशे वर्षांचा. ध्रुवताऱ्याचे अंतर ४०० प्रकाशवर्षांहून अधिक आहे. आज रात्री दिसणारा ध्रुवाचा प्रकाश शिवरायांच्या जन्मापूर्वीच तेथून निघालेला आहे.

आणि हा ध्रुव तरी खरोखर अढळ आहे काय? आज तो खगोलीय ध्रुवबिंदूपासून सुमारे पाऊण अंशाच्या आत आहे, म्हणून स्थिर भासतो. पाच हजार वर्षांपूर्वी हे स्थान कालेय तारकासमूहातील ठुबान या ताऱ्याजवळ होते. सुमारे बारा हजार वर्षांनी ते अभिजित ताऱ्याच्या परिसरात जाईल. कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते तशीच तिचा आसही भोवऱ्याच्या आसाप्रमाणे डुलतो. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्र यांची ओढ असते, त्यामुळे हे डुलणे घडते. एका फेऱ्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. यालाच अयनचलन म्हणतात.

संक्रांतीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. उत्तरायणाचा आरंभ पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावरून ठरतो आणि तो २१ किंवा २२ डिसेंबरला होतो. मकरसंक्रांत मात्र आपल्या पंचांगांत ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे निरयन पद्धतीने मोजतात. सूर्य मकर राशीत शिरतो तो हा दिवस. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच सुमारास घडत. अयनचलनाने त्यांच्यात सुमारे ७२ वर्षांना एक अंश, म्हणजे जवळपास एक दिवस, अशी फारकत होत गेली आणि आज ती २४ अंशांपर्यंत पोहोचली आहे. भूगोलाच्या बाई बरोबर आहेत आणि संक्रांतीचे गणितही बरोबर आहे. आता त्या दोन घटना एका दिवशी येत नाहीत, एवढेच.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते काय? सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत नोंदवले आहे की, जुन्या शास्त्रांनुसार सूर्याचे दक्षिणायन आश्लेषा नक्षत्राच्या मध्यापासून सुरू होई. आता ते कर्क राशीच्या आरंभापासून होते. जुने वचन त्याने खोटे ठरवले नाही; पूर्वी तसे नक्कीच असले पाहिजे, असे म्हटले. पण तेच आजही खरे मानावे, असा आग्रहही धरला नाही. फरक पडला असेल तर तो प्रत्यक्ष परीक्षणाने जाणावा, असे त्याने सांगितले. परंपरेविषयीचा आदर आणि सत्याविषयीची निष्ठा एकत्र कशी नांदते, याचा याहून स्वच्छ धडा क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रात ही दृष्टी सतत जागी राहिली. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी स्वतः वेध घेऊन ग्रहगणित तपासले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचला. पुढे कित्येक पिढ्या आपली पंचांगे याच ग्रंथावरून होत राहिली. पण आकाश पुढे सरकत होते, आणि जुन्या गणिताने येणारे ग्रह प्रत्यक्षाशी जुळेनासे झाले. तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरोपंत छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर आदींनी दृक्प्रत्ययाचा, म्हणजे डोळ्यांना दिसते तेच गणितात यावे याचा, आग्रह धरला. लोकमान्य टिळक या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले.

त्याच काळात शिक्षकी पेशातील शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, हे शतपथ ब्राह्मणातील विधान त्यांनी गणिताच्या कसोटीला लावले आणि अयनचलनाच्या आधारे ते निरीक्षण इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचे असावे, असा निष्कर्ष काढला. आज महाराष्ट्रातून कृत्तिका पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवताना दिसतात. स्वतंत्र भारतात १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. या दिनदर्शिकेचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

ही परंपरा भाषणांनी टिकणार नाही, ती घरात आचरावी लागेल. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. २१ डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरून सूर्य क्षितिजावर कोठे उगवतो, त्याची खूण एखाद्या झाडावरून वा इमारतीवरून मुलांनी करावी. सर्वांनी त्याच जागी उभे राहून संक्रांतीच्या सकाळी पुन्हा पाहावे. सूर्य चार सूर्यबिंबांइतका उत्तरेला सरकलेला आढळेल. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ढग नसतील तर तेही पाहावे. हात लांब करून वळलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. मुंबईकरांना ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसेल, कारण मुंबईचे अक्षांश १९ आहेत.

संक्रांतीला तिळगूळ आनंदाने वाटावा. मुलाने प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करू नये आणि पूर्वजांनाही हसू नये. त्याला घेऊन गच्चीवर जावे आणि उगवता सूर्य दाखवावा. वराहमिहिराने दुसरे काय सांगितले होते?