मुकाट बसलेल्यांचा वर्ग
(चंद्रपूर येथे कामगार तरुणांसमोर केलेले भाषण)



कामावरच्या ट्रेनिंगला आपली माणसं बसतात आणि तोंड उघडत नाहीत. साहेब म्हणतो, ह्यांना डोकंच नाही. साफ झूट! ज्याच्या हातात हजेरीबुक, त्याच्यासमोर कोण बोलणार? 'ही वायर खराब आहे' म्हणणाऱ्याला उद्या काम नाही मिळालं तर? पिढ्यान्‌पिढ्या ज्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याला मागच्या बाकावर बसवून 'बोल' म्हटल्यानं जीभ सुटत नसते.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. तिथली दोन पदरी स्लिंग घ्या. दोन्ही वायरी जवळजवळ सरळ असल्या तर एकेकीवर निम्मं वजन येतं. त्याच फाकून त्यांच्यात १२० अंशांचा कोन झाला, की एकेकीवर अख्खं वजन. हे फळ्यावर मांडलं की वर्ग पेंगतो. पण नुसतं विचारा, 'वायर कधी तुटते, काका?' शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारा उठेल आणि दोरी फाकवून दाखवेल. गणित त्याच्या हातात आहे. विचारलं कुणी?

तुमच्याच मुलखातलं मेंढा (लेखा) बघा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव. देवाजी तोफा गावचे, मोहन हिराबाई हिरालाल त्यांचे साथी. गावानं अभ्यासगट चालवला. तिथं बाहेरचा जाणकारही यायचा, वाद व्हायचा. निर्णय मात्र तिथं नाही. तो ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीनं. शिकायच्या जागी कुणाचा हुकूम नाही, म्हणून चुकायची भीती नाही. ह्या गावानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. बोलायला शिकलेल्या गावाची ही कमाई.

आता बल्लारपूर-घुग्घुसच्या खाणींकडे या. खाणकामगारांच्या ट्रेनिंगचे नियम १९६६ सालीच झाले. पण नियम माणसाला वर्गात आणून बसवतो. पुढचं काम आपलं. त्याला पैसा लागत नाही.

वर्ग चालू असताना मुकादम बाहेर. हजेरी आधीच घ्या, वही मिटा. बाकं हटवा, गोल बसा. पहिला प्रश्न कामाचा, आणि पहिलं उत्तर हातानं करून दाखवायचं. गोंडी बोलणारा गोंडीत बोलेल, तेलुगूवाला तेलुगूत. शेजारच्यानं समजावून सांगावं. वर्ग कामाच्या वेळेत, पगारी. पाळी संपल्यावर थकलेल्या माणसाला कोंबू नका. आणि कुणी धोका सांगितला तर तो सांगणाऱ्याचं नाव न घालता फळ्यावर लिहा. पुढच्या वर्गाची सुरुवात त्याच्या उत्तरानं करा: काय दुरुस्त झालं, काय नाही, का नाही. हे एकदा चुकलं, तर दुसऱ्यांदा कोणी बोलणार नाही.

तुमच्यातले काही उद्या स्वतःच ट्रेनर होतील. तेव्हा खडू आधी त्या म्हाताऱ्याच्या हातात द्या. खाणीत छत करकरतं ते पहिल्यांदा त्याला ऐकू येतं. तो गप्प राहिला तर मरणारे आपणच आहोत.