बाणात काय होते?



रात्री दुधाला विरजण लावावे आणि सकाळी भांड्यात घट्ट दही दिसावे, हे तुमच्याआमच्या घरी रोजचेच. दूध ठाऊक, दही ठाऊक. रात्रभर आत काय चालले होते याची चौकशी कोणी करीत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकातही असेच असते. डावीकडे घेतलेले पदार्थ, उजवीकडे झालेले पदार्थ, आणि मध्ये एक बाण. मुले तेवढे पाठ करतात आणि आम्ही त्यावर गुण देतो. मीही कित्येक वर्षे तसेच शिकवले. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, पण बाणात काय होतं?" मला खडू खाली ठेवावा लागला.

त्या बाणात राहणाऱ्या एकाची आज ओळख करून देतो. त्याचे नाव कार्बीन. कार्बनच्या अणूला चार हात असतात, असे आपण शाळेत सांगतो. चारी हात गुंतलेले असले की तो स्वस्थ असतो. कार्बीनमध्ये दोनच हात गुंतलेले असतात. असा अणू जवळ येईल त्याला धरणारच! बहुतेक कार्बीने क्षणभरही एकटी राहत नाहीत. मग ती असतात हे कळले कसे?

क्लोरोफॉर्म घ्या. त्यात एका कार्बनला एक हायड्रोजन आणि तीन क्लोरीन. अल्कलीने, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाने, त्याचे विघटन होते. यात दोन क्लोरीनवाला अर्धवट कार्बन मध्ये येत असावा, असे गॉयटर या जर्मन रसायनज्ञाने 1862 सालीच सुचवले होते. पण पुरावा नव्हता. तो 1950 साली अमेरिकेत जॅक हाइन यांनी दिला, आणि तोही नुसत्या वेगाच्या हिशेबाने. कार्बनवर क्लोरीन वाढत गेले की ही क्रिया मंदावायला हवी. चार क्लोरीनवाला कार्बन टेट्राक्लोराइड खरोखरच ढिम्म हलत नाही म्हटले तरी चालेल. तीनवाले क्लोरोफॉर्म मात्र भराभर फुटते! फरक त्या एका हायड्रोजनचा. अल्कली आधी तो ओढून घेते, मग एक क्लोरीन निसटतो, आणि उरते ते कार्बीन.

हाइन यांनी आणखी एक युक्ती केली. एरवी क्लोरीनला चटकन हुसकावणारे एक गंधकाचे संयुग क्लोरोफॉर्ममध्ये घातले. फारसे काही झाले नाही. त्यातच अल्कली मिसळली, आणि गंधकाचे संयुग लगेच जोडले गेले. म्हणजे अल्कलीने आधी कोणी तरी तिसराच तयार केला होता. चोर दिसला नाही, पण चिखलात पाऊल उमटले, असा हा पुरावा. मला तो फोटोपेक्षाही अधिक पटतो. पुढे 1954 साली डोअरिंग आणि हॉफमन यांनी त्याला सापळाच लावला. दुहेरी बंध असलेल्या संयुगाला कार्बीन दोन्हीकडून चिकटले, आणि तीन कार्बनांचा त्रिकोण हाती आला.

शिक्षकबंधूंना प्रयोगशाळेतला एक घाण वास आठवत असेल. अॅनिलीन, क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोलमधला कॉस्टिक पोटॅश एकत्र तापवला की जो सुटतो, तो. ती करामत याच कार्बीनची. आपण वास घेतला, नाक दाबले, वहीत उत्तर लिहिले, आणि मधल्याला विसरलो.

1991 साली आर्डुएन्गो यांनी बाटलीत भरून ठेवता येईल असे स्फटिकरूप कार्बीन मिळवले. त्यात दोन्ही बाजूंचे नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन देऊन कार्बनला सावरून धरतात.

आता शेतकरी बांधव म्हणतील, याच्याशी आमचा काय संबंध? तांदूळ फार सडला की कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व जाते, आणि नुसत्या तशा भातावर राहणाऱ्याला बेरीबेरी होतो. हे जीवनसत्त्व शरीरात काम कसे करते? त्याच्या एका कड्यातला हायड्रोजन सुटतो आणि मागे राहिलेला कार्बन कार्बीनसारखा वागतो, असे रोनाल्ड ब्रेस्लो यांनी 1958 साली मांडले. पण आपल्या शरीरात जिकडेतिकडे पाणी, आणि कार्बीन तर पाण्याशी लगेच झोंबणारे! ही अडचण बरीच वर्षे राहिली. 2025 साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या विद्यापीठातून वृत्त आले, की पाण्यातही टिकणारे एक कार्बीन तिथे तयार झाले असून ते कित्येक महिने तसेच राहिले आहे.