जाहिरात कोणी बंद करायची?

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरात थांबवायची कशी आणि तिचं बिल सांभाळायचं कसं, हा काय स्त्रियांच्या चळवळीचा विषय आहे, असं सकाळी एक-दोघींनी विचारलं. विचारणं रास्तच आहे. हुंडा, दारू, रेशन, रोजगार हमी, या विषयांच्या रांगेत हा विषय परका वाटतो. पण पापड, कुरडया, मसाला, लोणचं विकणाऱ्या गटांच्या हिशेबात आता हा एक नवा खर्च दिसू लागला आहे. गटातला दुसरा कुठलाही खर्च ठरावाशिवाय होत नाही. हा एकटाच असा आहे की तो रात्री आपण झोपलेल्या असताना होतो आणि सकाळी कोणाच्या तरी मोबाइलवर त्याचा निरोप येतो. तो मोबाइल बहुतेक वेळा आपला नसतो. म्हणून हा विषय आपला.

थोडं मागे जाऊ या. 1992 साली नाबार्डने 500 गट घेऊन बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्यानंतर गटाचं बँक खातं उघडणं ही आपल्याकडे गावोगाव एक लढाईच होती. बँकेत बायका गेल्या की साहेब विचारायचे, सोबत कोण आहे? त्या खात्याचा कणा म्हणजे सह्या. अध्यक्ष आणि सचिव मिळून सही करतात, पैसा काढण्याआधी बैठक होते, वहीत ठराव लिहिला जातो. एकटीला, किंवा एकीच्या नवऱ्याला, गटाच्या पैशाला हात लावता येऊ नये यासाठीच ही व्यवस्था आहे. अंगठ्यावरून सहीवर आलेल्या बायका आपण इथे बसलो आहोत. त्या दोन सह्यांची किंमत मी तुम्हाला सांगायला नको.

आता जाहिरातीचं खातं कसं उघडतं ते बघा. गटाचा माल फेसबुकवर टाकायचं ठरतं. गटातल्या कोणाचा तरी मुलगा, पुतण्या किंवा दीर पुढे येतो. "आम्हाले काय समजते त्यातलं, पोराले येते सगळं," असं आपणच म्हणतो. पान त्याच्या नावाच्या खात्यावरून निघतं. पैसे भरायची वेळ येते तेव्हा लक्षात येतं की गटाच्या खात्याला कार्ड नाही, यूपीआय नाही. मग तो स्वतःचं बँक खातं जोडतो आणि गट त्याला रोख देतो. पानावर नाव गटाचं, फोटो आपले, पापड आपण लाटलेले. पण जाहिरात चालू करणारं आणि बंद करणारं बोट त्याचं. सरपंचपती आपल्याला माहीत आहे. 1993 पासून पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या आणि त्यांच्यामागून हा प्राणी आला. त्याचाच धाकटा भाऊ आता पानाचा ॲडमिन होऊन बसला आहे. मुलाचं मन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो मदतच करतो. पण तो पुण्याला कामाला गेला, त्याचं लग्न ठरलं, घरात भांडण झालं, फोन हरवला, यापैकी काहीही झालं तरी आपल्या पैशाचा नळ उघडाच राहतो.

एक उदाहरण धरू. समजा मोताळा तालुक्यातल्या एका गटाने उन्हाळ्यात वाळवणाची जाहिरात दिली. रोज 200 रुपये, पाच दिवस, एकूण 1000 असं बैठकीत ठरलं. जाहिरात टाकताना शेवटची तारीख घातली नाही. पाच दिवसांनी सगळ्या समजल्या की संपली. ती चाळीस दिवस चालली. 8000 रुपये झाले, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1440, एकूण 9440. किलोमागे 40 रुपये सुटतात असं धरलं तर हे 236 किलो पापडांचे श्रम झाले. उन्हात, पाठ मोडून केलेले. हे पैसे भरून कोण देणार, यावरून गट फुटायला वेळ लागत नाही. आणि दोष कोणाला जातो? "बायकांना धंदा जमत नाही" याला!

म्हणून यंत्र कसं चालतं ते एकदा नीट समजून घेऊ. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही मेटा या एकाच कंपनीची आहेत. जाहिरातीचं बिलही एकाच ठिकाणी, जाहिरात खात्यात, तयार होतं. पैसे देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, आधी पैसे भरायचे आणि ते संपेपर्यंत जाहिरात चालवायची, म्हणजे वीजबिलाच्या प्रीपेड मीटरसारखं. दुसरी, जाहिरात आधी चालते आणि पैसे मागून कापले जातात. यात एक उंबरठा असतो. खर्च त्या रकमेला पोचला की पैसे कापायचे, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जे उरलं असेल ते कापायचं. नवीन खात्याचा उंबरठा लहान असतो, पैसे वेळेवर जात राहिले की तो वाढत जातो. त्यामुळे सुरुवातीला लहान लहान रकमा पुन्हा पुन्हा कापल्या जातात आणि कुठली कशाची हे कळेनासं होतं. गटांनी पहिली तऱ्हा धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे संपले की गोष्ट थांबते, हे आपल्याला डब्यातल्या पिठापासून ठाऊक आहे.

रोजचं म्हणून जे बजेट टाकतो तेही घट्ट नसतं. एखाद्या दिवशी कंपनी त्याहून जास्त खर्च करू शकते आणि दुसऱ्या दिवशी कमी करून आठवड्याचा मेळ घालते. हे नियमातच लिहिलेलं असतं, म्हणून 200 च्या जागी एक दिवस जास्त दिसले तर लगेच घाबरू नका. आठवड्याची बेरीज करून बघा.

आता थांबवण्याचं. जाहिरात थांबत नाही अशा गोष्टी आधी सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. फोनमधून फेसबुक काढून टाकलं तर जाहिरात थांबत नाही. लॉग आउट केलं तर थांबत नाही. फोन बंद पडला तरी थांबत नाही. जाहिरात त्या फोनमध्ये नसते, कंपनीकडे असते. थांबवायची तर जाहिरात खात्यात जाऊन ती बंद करावी लागते. तिथे तीन पायऱ्या असतात: सगळ्यात वर मोहीम, तिच्या पोटात जाहिरातींचा संच आणि संचाच्या पोटात एकेक जाहिरात. मोहिमेच्या नावासमोरचं बटण बंद केलं की तिच्या पोटातलं सगळं थांबतं. नुसती एक जाहिरात बंद केली आणि शेजारी दुसरी चालू राहिली, तर पैसे जात राहतात. पानावरची पोस्ट 'बूस्ट' केली असेल तर तीही जाहिरातच असते, आणि ती त्याच पोस्टवरून किंवा पानाच्या जाहिरात विभागातून थांबवता येते. बंद केल्यावर पान एकदा मिटवून पुन्हा उघडून बघा.

बंद केल्यानंतरही एकदा पैसे कापले जातील, हे ध्यानात ठेवा. बंद करण्याआधी जेवढी चालली त्याचं बिल बाकी असतं. यावरून पुष्कळ भांडणं होतात. "बंद केली म्हणतोस, मग हे पैसे कसे गेले?" तेव्हा तारीख बघायची. पावतीवर जाहिरात कुठल्या दिवशी चालली ते असतं आणि पैसे कापल्याची तारीख वेगळी असते. बिलाच्या विभागात प्रत्येक कपातीची पावती उतरवून घेता येते. बँकेच्या उताऱ्यात आलेली रक्कम आणि पावतीवरची रक्कम जुळवायची. जुळली नाही तरच तक्रार.

बाकी असेपर्यंत कार्ड किंवा यूपीआय जाहिरात खात्यातून सहज काढता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोहीम बंद, मग बाकी किती ते बघणं, ती भरणं, मग कार्ड काढणं किंवा जाहिरात खातंच बंद करणं. आधी भरलेले पैसे उरले असतील तर खातं बंद करताना त्यांचा परतावा मागा. काही जणी उलट करतात, बँकेत जाऊन कार्डच बंद करून टाकतात. त्याने जाहिरात अडकते, पण देणं मिटत नाही. उद्या पुन्हा जाहिरात द्यायची म्हटलं की ती बाकी समोर उभी राहते.

आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग फार कमी जणी करतात. जाहिरात खात्याला एकूण खर्चाची मर्यादा घालता येते. 2000 ची घातली तर 2000 ला सगळ्या जाहिराती आपोआप थांबतात, मग कोणी शेवटची तारीख विसरलं तरी चालेल. मोताळ्याच्या त्या समजा-गटाने एवढं केलं असतं तर त्याचे पैसे वाचले असते.

सरकारी नियम काय म्हणतात? आपोआप पैसे कापले जाण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये परिपत्रक काढलं आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ते सगळीकडे लागू झालं. त्यानुसार पैसे कापण्याच्या निदान 24 तास आधी खातेदाराला निरोप यायला हवा: कोण कापतंय, किती, कधी. तो व्यवहार नाकारण्याची, किंवा दिलेली मंजुरीच मागे घेण्याची सोय बँकेने द्यायला हवी. मंजुरी देतानाच जास्तीत जास्त किती कापायचे ते ठरवता येतं. पुन्हा ओटीपी न विचारता कापायची मर्यादा तेव्हा 5000 होती, जून 2022 मध्ये ती 15000 झाली. यूपीआयवरचं ऑटोपेही त्या त्या ॲपमध्ये जाऊन रद्द करता येतं.

नियम चांगला आहे. पण नीट वाचा: निरोप खातेदाराला येतो. पैसे गटाचे आणि खातेदार पुतण्या, तर निरोप पुतण्याला. नाकारण्याचा अधिकारही त्याचाच. आपण सगळ्या जणी कायद्याच्या हिशेबात तिथे नसतोच. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं शेतात राबून जे होतं, तेच इथे होतं. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून विचारलं होतं की एका घरात दोघांना दोन न्याय कसे. सगळे दोष बाईच्या माथी आणि सगळी सत्ता दुसऱ्याच्या हाती, यावर त्यांचा राग होता. मोबाइल आला म्हणून तो प्रश्न सुटलेला नाही.

दुसरा नियम 30 नोव्हेंबर 2023 चा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे 13 प्रकार नावं देऊन मनाई केले. चालू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवायचं, रद्द करण्याचं बटण लपवायचं, हा त्यातला एक प्रकार. तेव्हा बटण सापडत नाही यात दर वेळी आपलंच अज्ञान असतं असं मानू नका. कधी कधी ते सापडू नये म्हणूनच तसं ठेवलेलं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

चोरीचं वेगळं. आपण दिलीच नव्हती अशी जाहिरात आपल्या खात्यातून चालते आहे, पैसे जात आहेत, म्हणजे कोणी तरी खात्यात शिरलं आहे. तेव्हा थांबायचं नाही. बँकेला कळवायचं आणि 1930 वर तक्रार नोंदवायची. न दिलेल्या व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली आणि चूक आपली किंवा बँकेची नसेल, तर ग्राहकावर बोजा पडत नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये सांगितलं आहे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येतं. मात्र शेवटची तारीख न टाकल्यामुळे झालेला खर्च यात बसत नाही. मंजुरी आपण दिलेली असते. "तुमचं पान बंद होणार, इथे दाबा" असा निरोप आला तर दाबू नका, एवढं सगळ्यांनी घरी सांगा.

मग गटाने काय करायचं? जाहिरात हा खर्च आहे, म्हणून तिचा ठराव हवा. ठरावात रक्कम, सुरू होण्याची तारीख, बंद होण्याची तारीख आणि बंद करणारीचं नाव लिहा. चालू करणारीचं नाव सगळे विचारतात, बंद करणारीचं कोणी विचारत नाही. पानावर आणि जाहिरात खात्यावर गटातल्या दोघींना पूर्ण अधिकार द्या, मुलगा तिसरा राहू दे. पैसे भरायला गटातल्याच एकीचं वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात जाहिरातीपुरतेच पैसे टाका. मासिक बैठकीत पासबुकाबरोबर जाहिरातीच्या पावत्याही वाचल्या जाव्यात, मोठ्याने, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. पावती इंग्रजीत असते, तेव्हा कोणाची तरी दहावीतली मुलगी वाचून दाखवेल. तिलाही कळू दे आईचे पैसे कुठे जातात ते.

आणि जाहिरात द्यायचीच का, हाही ठरावाचा विषय आहे. "एवढ्या लाख लोकांपर्यंत पोचेल" हा आकडा कंपनी सांगते. तो फुगवलेला असतो म्हणून अमेरिकेत 2018 मध्ये लहान जाहिरातदार कोर्टात गेले, आणि 2024 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने त्यांना एकत्र दावा चालवू दिला. आपल्याला लाखांचं काय करायचं? शेगावला दर्शनाला येणारी माणसं, सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जमणारी गर्दी, चिखलीचा, मेहकरचा बाजार, इथे किती किलो गेले आणि जाहिरातीवरून किती मागण्या आल्या, हे दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहा. दोन महिने लिहिलं की पुढचा ठराव करणं सोपं जाईल.

आता भाषण पुरे. ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी तिघी-तिघींचे गट करून बसा, एकीला तरी वाचता येईल असं बघा. पानाचा पासवर्ड कोणाकडे आहे ते आधी लिहा. तो घरी कोणाकडे असेल, तर जेवणाच्या सुट्टीत फोन करून मागून घ्या.