घरकुलाची यादी आणि घराचे जोते

‘घरकुल’ या शब्दात मुळात जिव्हाळा आहे. परंतु गेल्या काही दशकांत सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर आणि आसपासच्या गावांत तो सरकारी अनुदानावर उभे राहणारे पक्के घर या एकाच अर्थाने रूढ झाला असून, ‘त्याला घरकुल आलं’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा घर आलेले नसते, यादीत नाव आलेले असते. नाव येणे आणि घर उभे राहणे यांच्यामधल्या या अंतरातच सार्वजनिक गृहनिर्माणाच्या राजकीय आश्वासनांची खरी परीक्षा होते.

सार्वजनिक गृहनिर्माण म्हणजे मूळ अर्थाने शासनाने स्वतः घरे बांधून ती भाड्याने किंवा माफक किमतीत देणे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने 1919 मध्ये 5 लाख घरांचे आश्वासन दिले आणि सुमारे 2 लाख 13 हजार बांधली. त्याच सुमारास मुंबई सरकारने कापसाच्या दर गाठीमागे 1 रुपया उपकर बसवून 50 हजार खोल्या बांधण्याचे ठरविले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या (बीडीडी) 207 चाळी, म्हणजे सुमारे 16 हजार खोल्या, उभ्या राहिल्या आणि भाडे गिरणी कामगारांना न परवडल्यामुळे त्यांतल्याही कित्येक प्रारंभी रिकाम्या पडल्या. पुढे 1995 च्या निवडणुकीत मुंबईतील 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. परंतु विकासकाने जादा चटई क्षेत्र, म्हणजे अधिक बांधकामाचा हक्क, बाजारात विकून हा खर्च भागवावा अशी योजना असल्यामुळे तिचा वेग बाजारभावावर अवलंबून राहिला आणि तीन दशकांनंतरही ते उद्दिष्ट गाठले गेलेले नाही.

आजच्या आश्वासनांचे स्वरूप मात्र वेगळे आहे, कारण ‘घरे बांधू’ असे म्हणणारे शासन बहुतेक ठिकाणी घर बांधत नाही, तर ज्याची जागा आहे त्याला ते बांधण्यासाठी हप्त्याहप्त्याने पैसे देते. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेचे ‘सर्वांसाठी घरे’ हे उद्दिष्ट 2022 पर्यंत पूर्ण व्हावयाचे होते. त्या मुदतीला वाढ द्यावी लागली आणि 2024 मध्ये योजनेचा पुढचा टप्पा जाहीर करावा लागला. रहिमतपूर येथे नगरपरिषद असल्यामुळे शहरी योजना लागू होते आणि केंद्राचे दीड लाख व राज्याचा 1 लाख असे अडीच लाख रुपये मिळू शकतात. नगरपरिषदेची हद्द ओलांडून ग्रामपंचायतीच्या गावात पाऊल टाकले की ग्रामीण योजना सुरू होते आणि तिचे मूळ अनुदान 1 लाख 20 हजार आहे. हा आकडा 2016 मध्ये ठरला आणि त्यानंतर सिमेंट, सळई, वीट व गवंड्याची मजुरी वाढत गेली तरी तो तेथेच थांबला.

ग्रामीण योजनेतील घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट आहे. बांधकामाचा दर चौरस फुटाला केवळ दीड हजार रुपये धरला तरी खर्च 4 लाखांवर जातो. राज्याने 2025 मध्ये बांधकामासाठी वाढवून दिलेले 35 हजार, शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतील 90 दिवसांची सुमारे 28 हजार मजुरी हे सारे मिळवूनही बेरीज 2 लाखांच्या आतच राहते. उरलेला निम्मा भार उसनवारी, पतसंस्थेचे कर्ज किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या भावाची मदत यांवर पडतो आणि पैशाची ही जुळणी न झालेले घर जोत्यापाशी, म्हणजे पायावरच्या उंचवट्यापाशी, अडून राहते.

पैशाहूनही अवघड प्रश्न जागेचा आहे. जुन्या गावठाणात मातीच्या भिंतींचे घर पडझडीला आलेले असते, परंतु मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव असते आणि वारसनोंद न झाल्यामुळे चार चुलत घरांची संमती लागते. भूमिहीनाला गावात 500 चौरस फूट जागा घेण्यासाठी 1 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तथापि हा भाव चौरस फुटाला 200 रुपये पडतो आणि रस्त्यालगत त्या भावात जागा मिळणे कठीण आहे. शिवाय 500 चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी, आणि शेतजमिनीचे इतके लहान तुकडे पाडून विकण्यास तुकडेबंदी कायद्याची मनाई असल्यामुळे ग्रामीण घरकुलासाठी 2024 मध्ये स्वतंत्र सवलत द्यावी लागली. घर देण्याची घोषणा आधी झाली आणि जागेची अडचण नंतर सुटू लागली, हा क्रमच बोलका आहे.

यावरून अशी आश्वासने पोकळच असतात असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी 10 हजार घरांची वसाहत 2006 मध्ये झाली आणि नंतर कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली असंघटित कामगारांच्या रे नगरची 30 हजार घरांची योजना आकाराला येऊन, 2019 मध्ये पायाभरणी झालेल्या तिच्यातील सुमारे 15 हजार घरे जानेवारी 2024 मध्ये हाती आली. तेथे कामगार संघटित होते आणि एकत्रित जमीन आधी मिळविलेली होती. इतकी तयारी असूनही निम्म्या घरांना पाच वर्षे लागली, हे कोणत्याही नव्या मुदतीचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागेल.

म्हणून आश्वासन वास्तववादी आहे की नाही हे घरांच्या संख्येवरून कळत नाही. जागा कोणाची, अनुदान कोणत्या वर्षीच्या दराने आणि उरलेला खर्च कोणाच्या माथी, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते कळते. पुढच्या सभेत काही लाख घरांचा आकडा जाहीर होईल तेव्हा रहिमतपूरच्या मतदाराने त्यांपैकी किती घरांच्या जागेचे मालमत्ता पत्रक लाभार्थ्याच्या नावावर झाले आहे, एवढेच विचारावे. कारण यादी कागदावर उभी राहते, जोत्याला मात्र जमीन लागते.