दूरची बातमी, जवळची बातमी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"पत्रकारांपुढच्या अडचणींवर बोल," असं संयोजकांनी सांगितलं आणि मला आपला दहावीचा वर्ग आठवला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेतवर हल्ला केला. आपल्या वर्गातल्या तिघांचे वडील तिकडे होते. फोन लागत नव्हते, पत्रं येत नव्हती. दुपारच्या एसटीने पेपर आला की सर धडा थांबवून कुवेतची बातमी मोठ्याने वाचायचे. म्हसळ्यातल्या किती घरांतली माणसं आखातात! आपल्याला तिकडचं युद्ध ही घरचीच बातमी. कुणीतरी तिथे उभं राहून ती लिहिली, म्हणून आपल्याला कळली. पत्रकार व्हायचं मी तेव्हाच ठरवलं.

पुढे मुंबईत वर्तमानपत्राच्या परदेश पानावर बरीच वर्षं काम केलं. मी स्वतः युद्धावर गेलो नाही. आलेल्या बातम्या मराठीत आणणं हे माझं काम. युद्धात दोन्ही बाजू आपापलंच खरं सांगतात, आणि खात्री करायला गेलेला माणूस कधी कधी परत येत नाही. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात असेच गेले.

तरी युद्धावरच्या वार्ताहराकडे हेल्मेट असतं, मागे मोठी संस्था असते. तालुक्याच्या वार्ताहराकडे दुचाकी, मोबाईल आणि तुटपुंजं मानधन. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, तो रोज बाजारात भेटतो. त्याला याचं घर माहीत असतं.

आपल्याच कोकणात, राजापुरात, शशिकांत वारिशे 'महानगरी टाइम्स'साठी रिफायनरीच्या वादाच्या बातम्या देत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती, त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या राज्याने 2017 सालीच मंजूर केला होता. त्यात 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण कायदा येतो हल्ला झाल्यावर.

आता माझं सांगतो. एकदा सुट्टीत गावी आलो असताना खाडीतल्या चोरट्या रेतीउपशाचे फोटो माझ्या हाती आले. संध्याकाळी एक ओळखीचा गृहस्थ ओटीवर बसून चहा प्यायला आणि जाताना एवढंच म्हणाला, "तू जाशील मुंबईला. आबा इथे एकटेच असतात ना?" मी बातमी दिली नाही. 2003 च्या इराक युद्धात बुश आणि सद्दाम, दोघांवर बिनधास्त मथळे देणारा मी, आपल्या खाडीबद्दल गप्प बसलो. आबा आता नाहीत. फोटो अजून माझ्याकडे आहेत.

त्या रात्री गावातली चार माणसं ओटीवर येऊन बसली असती, तर कदाचित मी लिहिलं असतं. म्हणून एकच मागणं. आपल्यातले कुणी सरपंच झाले, कुणी व्यापारी, कुणी वकील. तालुक्याचा वार्ताहर अडचणीचं लिहील, तेव्हा "जाऊ दे रे, आपलाच माणूस आहे" असा फोन त्याला करू नका. त्याला धमकी आली, तर मात्र त्याच्या ओटीवर जाऊन बसा.

सरांनी आम्हाला बातमी वाचायला शिकवलं. ती लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं हा त्याच धड्याचा उरलेला भाग आहे.