पावसात मिटणारी छत्री



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा परिपाठ आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून विषयही मी छपरावरचा, सर्वांच्या परिचयाचा निवडला आहे. दूरचित्रवाणीसाठी आपण घरावर जी डिश बसवतो, तिला खेड्यापाड्यांत छत्री म्हणतात. खरी छत्री पावसात उघडते, ही नेमकी पावसात मिटते! असे का व्हावे आणि त्याची झळ कोणाला बसते, एवढेच मला सांगायचे आहे.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. दूरदर्शनची फ्री डिश सेवा ज्या जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणून महाराष्ट्रातील तिच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात. या अफाट वाटेपैकी पाऊस लागतो तो अखेरच्या पाच-सहा किलोमीटरांत. शेकडो कोस चाललेली गाडी गावाच्या वेशीवर चिखलात रुतावी, तसलाच हा प्रकार!

रुतण्याचे कारण लहरींच्या लांबीत आहे. घरगुती छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात. काही मिलिमीटरांचा पावसाचा थेंब त्यांना जुमानत नाही. तो त्यांची शक्ती शोषतो आणि उरलेली इतस्ततः विखुरतो. १९७५-७६ साली सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग झाला, तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या वापरल्या होत्या. त्या लहरी सुमारे पस्तीस सेंटीमीटर लांबीच्या होत्या; पाऊस त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. आखूड लहरींमुळे छत्री लहान आणि स्वस्त झाली, घरोघर गेली, हा मोठाच लाभ. पण त्याची किंमत आपण पावसात मोजतो.

आता आकाराचा प्रश्न. छत्रीची कमाई तिच्या रुंदीवर नव्हे, क्षेत्रफळावर ठरते. साठ सेंटीमीटरांऐवजी नव्वदची छत्री घेतली, तर रुंदी दीडपट, पण कमाई सव्वादोन पट होते. कोरड्या दिवशी या जादा कमाईचा उपयोग काय? काहीच नाही. चित्र दोहोंवर सारखेच स्वच्छ दिसते. हे आपल्या संसारासारखेच आहे. ज्याचा पगार महिनाअखेर बरोबर संपतो आणि ज्याच्या गाठीला चार पैसे उरतात, त्या दोघांच्या घरी रोजची भाकरी सारखीच असते. फरक कळतो तो आजारपण आल्यावर. पाऊस हे छत्रीचे आजारपण होय. पूर्वीच्या दूरचित्रवाणीवर चित्र हळूहळू अंधूक होई. आजची अंकीय पद्धत शेवटच्या पैपर्यंत चित्र स्वच्छ दाखवते आणि मग एकदम दिवाळे काढते.

परंतु मोठी छत्री म्हणजे रामबाण नव्हे. ढगफुटीसारख्या सरीत शक्तीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग वाटेतच नाहीसा होऊ शकतो. तिथे सव्वादोन पट कमाईही अपुरी पडते. शिवाय छत्री जितकी मोठी, तितकी तिची नजर अरुंद. साठ सेंटीमीटरांची सुमारे तीन अंशांत पाहते, नव्वदची दोनच अंशांत. रोख थोडा चुकला तरी मोठेपण वाया जाते.

आणि रोख कोण धरतो? तापलेल्या पत्र्यावर उभा राहणारा, नगावर मजुरी मिळणारा कामगार. जितक्या छत्र्या लावील तितके पैसे, असा हिशेब असेल, तर चित्र दिसताच त्याने शिडी उतरावी, यात नवल नाही. आणखी दहा मिनिटे लावून रोख सूक्ष्म करावा, खांब पक्का आवळावा, तारेच्या जोडाला पाणी लागणार नाही असे पाहावे, यांतच पावसाळ्याची शिल्लक असते. पण त्या दहा मिनिटांचे मोल कोणी देत नाही. म्हणून एक खूण सांगतो. मुसळधार सरीत चित्र गेले आणि सर ओसरताच परतले, तर तो निसर्ग. रिमझिमीत गेले किंवा पाऊस थांबूनही तासन्‌तास आले नाही, तर रोख वा जोड तपासून घ्या, आणि तपासणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

ही केवळ करमणुकीची गोष्ट असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरास महापूर आला. अशा दिवसांत पाणी किती चढले, कोणता रस्ता बंद झाला, ही बातमी भाकरीइतकीच गरजेची असते. ज्या घरात एकच लहान छत्री आहे, ते घर ऐन वेळी मुके होते. म्हणून कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ऐपत असल्यास मोठी छत्री घ्यावी. आणि ऐपत असो वा नसो, पेटीवर चालणारा लहानसा रेडिओ घरात ठेवावाच. त्याच्या लहरी काही मीटरांपासून शेकडो मीटरांपर्यंत लांब असतात; पावसाचा थेंब त्यांना अडवू शकत नाही.

शिल्लक कोरड्या दिवसांतच टाकावी लागते, मग ती पगारातली असो की छत्रीतली.